मामा येईपर्यंत

तांडापेठेत कुसुमावती पराते कुठं राहते असं विचाराल तर लोक जरा विचारात पडतील. रागीट कुसुममावशी म्हणा, शेंबडं पोरही तुम्हाला बोट धरून दारापर्यंत नेईल आणि दार वाजायच्या आत पळून येईल. तिला राग यायला कारण लागत नसे असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला! कारण असायचंच. सहाचा नळ पावणेसातला आला, भाजीवाल्यानं वर चांगले आणि खाली सडके टमाटे ठेवले, दोन वर्षांच्या पोराच्या हातात मोबाईल देऊन त्याच्या आईनं त्याच्या तोंडात पोळी कोंबली, ही सगळी रागावण्याजोगीच कारणं आहेत. बाकीचे लोक गिळून टाकतात. ती गिळत नसे, एवढाच फरक. दहापैकी आठ वेळा ती बरोबर निघायची, आणि खरी पंचाईत तीच होती. नेहमी बरोबर निघणाऱ्या माणसाला आपला राग तपासून पाहायची सवय लागत नाही.

ती घरी लहान मुलं सांभाळायची. पाटीबिटी काही नव्हती, पण गल्लीतल्या निम्म्या सुना तिच्या भरवशावर नोकरीला जायच्या. ज्या खोलीत हे पाळणाघर चालायचं तिथं पूर्वी माग होता. तिचा नवरा भैयाजी खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचा आणि ती बाजूला बसून सुताच्या कांड्या भरून द्यायची. मागाच्या खडखडाटात हाक ऐकू येत नसे. म्हणून कांडी संपली की भैयाजी मागाच्या लाकडावर थाप मारायचा, आणि ती न बघता हात लांबवून नवी कांडी पुढं करायची. पुढं हातमागाचा धंदा बसला. खड्डा बुजला, वर फरशी आली, भैयाजी इतवारीतल्या एका दुकानात साड्यांच्या घड्या घालायला जाऊ लागला. थाप मात्र राहिली. दुपारी बारा वाजता कुसुमावती पाचसहा पोरांची पंगत मांडायची, आणि तिचा नियम असा, की ज्याला आणखी पाहिजे त्यानं रडायचं नाही, ओरडायचं नाही, फरशीवर तळहात मारायचा. धप! की वाटीत वाढ आलीच. तिच्या हाताखालून गेलेलं पोर लग्नाच्या पंगतीतसुद्धा ओळखू यायचं. वाढपी पुढं सरकला की याचा हात जमिनीवर.

जुलैच्या शेवटी चार घरं पलीकडच्या धकाते यांची सून श्वेता आपला ओजस घेऊन तिच्याकडे आली. पोरगा साडेपाच महिन्यांचा होता. श्वेता रामदासपेठेत एका तपासणी प्रयोगशाळेत काउंटरवर रिपोर्ट द्यायची, बाळंतपणाची रजा संपली होती. घरी सासू होती, पार्वतीबाई, पण तिचे दोन्ही गुडघे बदललेले. वाकून पोर उचलणं तिच्याच्यानं होत नसे. काठी टेकत रोज बाराच्या सुमारास नातू पाहायला यायचं मात्र होत असे. पाहायला म्हणजे तपासायला. टोपरं कुठं, पाय उघडे काहून, ह्याच्या अंगाला कोणतं तेल लावलं. कुसुमावती दात ओठ खात उत्तरं द्यायची. चार घरांवरचा शेजार, तोडून कुठं जाणार?

ऑगस्टात ओजसला सहा महिने झाले. धंतोलीच्या बालडॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, की आता नुसत्या दुधावर भागणार नाही, वरचं सुरू करा. डाळीचं पाणी नको, दाट वरण-भात कुस्करून द्या, हळूहळू भाज्या, फळं. श्वेतानं ते कागदावर लिहून घेतलं आणि घरी फ्रिजवर चिकटवलं. पार्वतीबाईनं चष्मा लावून कागद वाचला आणि म्हणाली, "देऊ ना. मामा येऊ दे."

उष्टावण मामाच्या हातून होतं, हे कोण नाकारतं? मामानं भाच्याला मांडीवर घ्यावं, चांदीच्या चमच्यानं खीर चाटवावी, मग घराचं जेवण त्याच्यासाठी मोकळं. रीत गोड आहे. पण या घरचा मामा होता पुण्याला. पंकज त्याचं नाव. पोळ्याला येतो म्हणाला, सुटी मिळाली नाही. गणपतीत येतो म्हणाला, कंपनीचं काम निघालं. मग पितृपक्ष लागला, त्यात शुभकार्य कसं करणार? नवरात्रात हॉल मिळेना. दिवाळीत तिकीट मिळेना. शेवटी नोव्हेंबरच्या मध्यातला एक रविवार ठरला, तोही हॉलवाल्याच्या सोयीनं. पंकज फोनवर म्हणे, एकच भाचा आहे, साधंसुधं नको, फोटोवाला मी ठरवतो. आणि इकडे पोरगं दुधाच्या बाटलीवर.

"मामा हाये का मंत्री?" कुसुमावती भैयाजीवर ओरडायची. भैयाजीचा यात काही दोष नव्हता, पण समोर तोच असायचा. "मामा येईन तवा येईन. भूक काय रिझर्वेशन करून येते का?"

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. सगळं नागपूर रस्त्यावर येऊन रोगराई, महागाई, जे काही नको असेल ते घेऊन जा गे मारबत म्हणून ओरडत असतं. त्या वर्षी कुसुमावतीही चौकात जाऊन उभी राहिली आणि घसा ताणून ओरडली, "वाट पाहायले लावणारे मामे घेऊन जाय गे मारबत!" बाया हसल्या. दोन बायांपलीकडे पार्वतीबाई उभी होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी बाराला ती आली ती बोलायचं ठरवूनच. "कुसुम, तुले आमच्या घरचं काय माहीत?" ती म्हणाली. "माह्या अभिजीतच्या वेळेस आमी भावाची वाट नाही पाह्यली. सासू म्हणे घाई आहे. माह्या भावानं ते मनावर घेतलं. दहा वर्षं दारात आला नाही. ओजसच्या आजोबाच्या मयतीलेही नाही. माहं माहेर तुटलं एका चमच्यापायी. माह्या सुनेचं नाही तुटू देणार मी."

दुसरी कुणी असती तर तिला वाईट वाटलं असतं. कुसुमावतीला वाटलं नाही. ती म्हणाली, "तुमच्या भावाचा रुसवा हा पोट्टा काहून भरून राहिला, पार्वतीबाई?" आणि पोरांची बाळुती वाळत घालायला निघून गेली.

सासूवर राग, मामावर राग, ओजसच्या बापावरही राग. अभिजीत पोराला सोडायला यायचा तेव्हा तिनं त्यालाही धारेवर धरलं. तो म्हणाला, "आईले कोण समजावीन, मावशी?" आणि गाडी वळवून गेला. मग राहिली श्वेता. तिला एका संध्याकाळी दारातच गाठून कुसुमावती म्हणाली, "तू माय होय का पाव्हणी वं? डॉक्टर एक सांगते, तुह्या घरचे एक सांगते, तू मधात नुसती उभी?"

श्वेतानं तोंडावर बांधलेला दुपट्टा अजून सोडला नव्हता. डोळेच काय ते उघडे. "मावशी, मले त्या घरात राहाचं आहे," ती म्हणाली, "आणि भाऊही माहाच होय ना."

झालं. कुसुमावतीनं त्या दिवशी तिला मातीची ठरवली. हिच्यात दम नाही, हिला काही सांगण्यात अर्थ नाही, एवढं मनाशी पक्कं केलं आणि तो विषय तिच्यापुरता संपवला. कुणालाही एका वाक्यावरून कायमचं ठरवून टाकण्यात ती फार तरबेज होती.

सप्टेंबरात सातवा महिना भरला. श्वेता पोराला वजनाला घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "वाढलंच नाही, मावशी. मागच्या महिन्याएवढंही नाही. शंभर ग्रॅम कमीच." कुसुमावतीनं पोराला घेऊन त्याची मांडी चाचपली. तिच्या आत काय चाललं असेल ते भैयाजीलाच विचारावं.

त्याच दुपारी पंगत बसली होती. वरण-भात, वर तूप, पोरं आपापल्या वाटीत हात घालून खात होती. ओजस उशीला टेकून कडेला बसलेला. त्याची ती रोजची जागा. दुसऱ्याच्या तोंडाशी घास गेला की याचं तोंड उघडायचं, तिकडं चावणं सुरू झालं की याचे ओठ हलायचे. कुसुमावती हे दीड महिना बघत होती आणि बघून न बघितल्यासारखं करत होती. ती भाताचं पातेलं घेऊन उठली, एवढ्यात मागून थाप ऐकू आली. हलकीच. तिनं सवयीनं न बघता पळी पुढं केली, आणि मग वळून पाहिलं तर सगळ्यांच्या वाट्या भरलेल्या. ओजस पुढं झुकला होता. त्याचा तळहात फरशीवर होता, आणि त्याच्यापुढं वाटीच नव्हती. त्यानं पुन्हा थाप मारली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सात महिन्यांचं लेकरू. बोलता येत नाही, बसता धड येत नाही, आणि मागायचं कसं ते बघून बघून शिकलं! पार्वतीबाई नुकतीच तपासणी करून गेली होती, पण तिचा काय भरवसा? कुसुमावतीनं दार लावून कडी घातली. भात घेतला, वरण घातलं, बोटांनी पार लोण्यासारखा कुस्करला. पोराला मांडीवर घेतलं. पहिला चमचा दिला तो मनातल्या मनात पार्वतीबाईला फाडून खात. घे म्हणावं, झालं उष्टं, कर काय करतेस ते. दुसरा पुण्याच्या मामाच्या नावानं. तिसरा अभिजीतच्या, चौथा त्या मातीच्या श्वेताच्या. आपण कुणाला काय काय ऐकवू, त्यावर ते काय म्हणतील, त्यावर आपण काय म्हणू, असं सगळं भांडण तिनं त्या मांडी घातलेल्या दहा मिनिटांत पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडून घेतलं. भांडण संपलं तेव्हा वाटी रिकामी होती.

त्यानंतर दोन महिने तिनं त्याला खाऊ घातलं. लाल कोहळं म्हणजे तांबडा भोपळा उकडून, बटाटा कुस्करून, ज्वारीची पातळ पेज, केळं, मुगाच्या खिचडीत चिमूटभर हळद आणि तूप. एक नवा पदार्थ दिला की तीन दिवस दुसरा नवा नाही, पोराचं पोट काय म्हणतं ते बघायचं, हे तिला डॉक्टरानं शिकवायची गरज नव्हती. पार्वतीबाईची काठी गल्लीत वाजली की ती पदराच्या टोकानं त्याचं तोंड पुसायची आणि बाटली हातात द्यायची. लबाडी करायचा तिला तिटकारा होता, त्यामुळं प्रत्येक लबाडीगणिक राग वाढत होता. मला हे करायला लावलं कुणी? श्वेता संध्याकाळी यायची आणि रोज एकच विचारायची, "काय केलं आज त्यानं?" कुसुमावती रोज एकच सांगायची, "दूध प्याला, झोपला." एकदा श्वेता म्हणाली, मावशी, ह्याची शी काहून बदलली? कुसुमावती म्हणाली, दात येऊन राहिले. खोटं तिच्या तोंडून दगडासारखं सरळ यायचं, कारण खोटं बोलताना माणूस चाचरतो हे ज्याला खोटं लपवायचं असतं त्याच्याबाबतीत. हिला तर फेकून मारायचं होतं.

ऑक्टोबरात वजन केलं तर पोरगा चांगलाच भरला होता. गालावर खळी आली. आणि पार्वतीबाई गल्लीभर सांगत सुटली, "पाह्यलं? नुसत्या दुधावर! आमच्या घरचं रक्तच तसं." कुसुमावतीच्या ओट्यावर बसून तिनं हे तिलाच दोनदा ऐकवलं. करावं एकानं आणि मिरवावं दुसऱ्यानं! भैयाजी म्हणतो, त्या दिवशी घरात तीन कप फुटले.

"सांगून टाक ना वं त्या पोरीले," तो म्हणाला होता. "श्वेताले. लेकरू तिचं होय."

"तिले सांगतलं की तिच्या सासूले पोचलंच. मग खातो हा भात! तुमी तुमच्या घड्या घाला."

भैयाजीनं घड्या घातल्या.

उष्टावणाचा रविवार उजाडला. हॉलला फुग्यांची कमान, वर ओजसचं नाव, जेवणाला दोन गोड. पंकज पुण्याहून नवा झब्बा घालून आला होता, सोबत चांदीची वाटी-चमचा आणि फोटोवाल्यांची जोडी. माणूस हसरा, मनमिळाऊ, हे बघून कुसुमावतीला अधिकच चीड आली. त्याला शिव्या घालताना तिच्या डोळ्यांपुढं एक गुर्मीखोर मामा होता, आणि हा तर म्हाताऱ्यांच्या पाया पडत हिंडत होता.

चौरंगावर मामा बसला. मांडीवर ओजस, जरीचा अंगरखा, डोक्याला टोपी. बाया पुढं सरकल्या. पहिल्यांदा खाणारं पोर काय करतं हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. ते जिभेनं घास बाहेर ढकलतं, तोंड वाकडं करतं, अर्धी खीर हनुवटीवर येते, आणि त्याचंच तर कौतुक करायचं असतं. पंकजनं चमचा भरला. चमचा अजून वाटीतच होता तर ओजसनं आ केला. खीर गेली, गिळली, हनुवटी कोरडी. "अरे वा!" मामा म्हणाला. फोटोवाला म्हणाला, अजून एक. पंकज त्याच्याकडं बघून हसायला थांबला, तेवढा उशीर ओजसला सहन झाला नाही. तो पुढं झुकला आणि चौरंगावर तळहात मारला.

धप!

 मग मागून कुणीतरी म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवं, हे तं कुसुमच्या पंगतीतलं पोट्टं होय!" आणि हॉलभर हसू पसरलं. कारण त्या हॉलमध्ये कुसुमावतीच्या पंगतीतून उठलेली निदान वीस पोरं होती.

 काठी टेकत पार्वतीबाई कुसुमावतीसमोर येऊन उभी राहिली. "खरं सांग, कुसुम. तू याले खाऊ घालत होतीस?"

"हौ," कुसुमावती म्हणाली. इतके दिवस दाबून धरलेलं आता कोण थांबवणार? "घातलं. दोन महिने घातलं. वरण-भात घातला, खिचडी घातली, कोहळं घातलं. नुसत्या दुधावर वाढला म्हणून गल्लीभर सांगत फिरलीस ना तू? ते दूध नव्हतं पार्वतीबाई. कळमन्याच्या बाजारातल्या तांदळाचा भात होता तो, माह्या घरचा!" तुम्हीवरून ती तूवर आली होती, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही. "लेकराचं वजन उतरलं तरी तुमचा फोटोवाला ठरून राहिला. शरम नाही वाटली? जमिनीवर हात मारून मागत होता तो. भिकाऱ्यावाणी! तुह्या घरचा नातू!"

"माह्या घरची रीत चोरली तू," पार्वतीबाई म्हणाली. "आता हा भाऊही जाईन रुसून. तुह्यापायी."

तेव्हा चौरंगावरून पंकज बोलला. चांदीचा चमचा अजून त्याच्या हातात होता. "थांबा, थांबा. मला कळेना. म्हणजे ओजस आतापर्यंत काहीच खात नव्हता? माझ्यासाठी थांबले होते सगळे?" त्यानं बहिणीकडं पाहिलं. "ताई, मला वाटलं तो खातोय कधीपासून. हा आपला नुसता कार्यक्रम. तू एक फोन करून म्हणाली असतीस की पोरगं उपाशी आहे, तर मी फोनवरून हो म्हटलं असतं. मी कशाला रुसू?"

म्हणजे बघा. एका मामाची सगळं घर तीन महिने वाट बघत होतं, आणि वाट बघतोय हे त्या मामाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासू बोलली नाही, कारण मागून दिलेला मान तो कसला मान. बायको बोलेल म्हणून नवरा बोलला नाही, आणि बायको बोलली नाही, कारण भावाला अडचणीत कसं टाकायचं. कुसुमावतीला त्या हॉलमधल्या एकेकाला धरून हलवावंसं वाटलं. पण तिला विजयही झाल्यासारखा वाटत होता. ती बरोबर होती, पुन्हा एकदा, आणि आता चारचौघांत. तिनं मान उंचावून श्वेताला शोधलं. श्वेता भिंतीपाशी उभी होती. ती कुसुमावतीकडं बघत नव्हती. ती ओजसच्या तोंडाकडं बघत होती.

सोमवारी सकाळी साडेनऊला श्वेता ओजसला घेऊन दारात आली. कुसुमावती तयारच होती. पोरगी आभार मानेल, मग आपण म्हणू, त्यात काय वं, आणि चहा टाकू, इथपर्यंत तिनं ठरवलं होतं. श्वेता उंबऱ्याच्या आत आली नाही.

"आई म्हणत होत्या तिच्याकडे नेऊ नको," ती म्हणाली. "मी म्हटलं, मंग तुमी उचला याले. चूप बसल्या." आवाज इतका सपाट होता की कुसुमावतीला तो तिचा वाटेना. "मले काहून नाही सांगतलं, मावशी?"

"तुले सांगतलं असतं तर तू सासूले..."

"मी? मी सांगतलं असतं?" श्वेताचा आवाज चढला. आत खेळणारी पोरं थांबली. "फ्रिजवर तो कागद कोणी लावला होता? मी. त्या कागदाखालून रोज दूध काढत होती मी. तुमाले काय वाटलं, मी माती होय? एकदा तरी म्हटलं असतं, श्वेता, मी देऊन राहिली, तू चूप राय. मी जीव गेला तरी तोंड उघडलं नसतं. मी रोज विचारत होती तुमाले. रोज! काय केलं आज त्यानं. आणि तुमी म्हणे, दूध प्याला, झोपला."

"अवं पण लेकरू जगलं ना वं..."

"मी त्याच्यासमोर जेवत नव्हती, मावशी. दोन महिने. गॅसपाशी उभी राहून, भिंतीकडे तोंड करून जेवली मी. म्हटलं, माह्या लेकरानं माह्या तोंडाकडे पाहून तोंड हालवू नाही. माह्या घशाखाली घास उतरत नव्हता, आणि तो इथं पोटभर खाऊन येत होता! तुमच्या रागात मी कुठं बसत नव्हती का?"

  कुसुमावतीला सासूशी भांडता येत होतं, मामाशी भांडता येत होतं, सगळ्या तांडापेठेशी भांडता येत होतं. पण ही पोरगी जे म्हणत होती त्यात तिला कुठं बोट ठेवायला जागा सापडेना.

श्वेतानं ओजसला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. डोळे पुसले, तेही रागानंच. मग ती म्हणाली, "ते जाऊ द्या. मले एकच सांगा. पहिला घास तोंडात गेला तवा त्यानं कसं तोंड केलं?"

कुसुमावतीनं तोंड उघडलं. तिला सगळं आठवत होतं. दाराची कडी आठवत होती, पातेलं कुठं ठेवलं ते आठवत होतं, पार्वतीबाईला मनात दिलेली शिवी न् शिवी आठवत होती, मामाला काय म्हटलं, या समोरच्या पोरीला काय म्हटलं, ते शब्दाला शब्द आठवत होतं. तिनं पोराचा चेहरा शोधला. तो हसला होता की थुंकला होता, दचकला होता की डोळे मिटले होते? तिच्या मांडीवर होता, वीतभर अंतरावर, आणि तिथं काहीच नव्हतं.

"मले नाही आठवत वं," ती म्हणाली. "मी पाह्यलंच नाही. मी रागात होती."

श्वेतानं ओजसचं टोपरं सरळ केलं.

"दोन महिने रोज खोटं बोलल्या तुमी माह्याशी," ती म्हणाली. "आज एक आणखी बोलायले काय झालं होतं, मावशी? हासला म्हटलं असतं, तरी झालं असतं."

मग दहाला काउंटर उघडायचं होतं आणि पोराला ठेवून घेणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तिनं ओजसला कुसुमावतीच्या हातात दिलं आणि ती कामावर गेली.